हाओरानचा डावा पाय

क्लबच्या ज्या माणसानं त्या पोराच्या पायाला घट्ट पट्टी बांधून त्याला परत खेळायला पाठवलं, त्याचं नाव मला माहीत नाही. माहीत असतं तर इथं लिहिलं असतं.

मी जर्मनीत, लुडविग्सहाफेनला एका केमिकल प्लांटमध्ये शिफ्ट सांभाळतो. आमच्याकडे कुणाचं बोट कापलं तरी ते वहीत लिहितात. तारीख, वेळ, जागा, कुणी पाहिलं. नवीन माणूस म्हणतो, एवढ्याशा खरचटण्याचं काय लिहायचं. मी त्याला आधी लिहायला लावतो, मग पट्टी देतो. उद्या ते बोट पिकलं आणि वहीत नोंद नसली, तर विमावाले विचारतात, हे कामावरच झालं कशावरून? सात वर्षं मी हे लोकांकडून करून घेतोय. घरी मला ते जमलं नाही.

हाओरान माझ्या वरच्या मजल्यावर राहायचा. दोन हजार सहाच्या ऑगस्टमध्ये आला. वय एकवीस, उंची सात फूट, वजन चौऱ्याऐंशी किलो. इथल्या दुसऱ्या डिव्हिजनच्या बास्केटबॉल क्लबनं त्याला चीनमधून आणलं होतं, पण करार एकतीस डिसेंबरपर्यंतचाच. तोवर आठ किलो वजन वाढव आणि खेळून दाखव, मग पुढचं बघू, असं. टीममधली पोरं त्याला श्पार्गेल म्हणायची. आमच्या भागात वसंतात शेतातून पांढऱ्या लांब काड्यांची भाजी निघते, ती श्पार्गेल. तोही हसायचा. हसण्यावाचून काय करणार होता?

पहिल्यांदा त्यानं मला "शूशू" अशी हाक मारली तेव्हा मी त्याला संडास दाखवला. चिनीत काकाला तसं म्हणतात. सुलेखा असती तर आठवडाभर हसली असती. सुलेखा माझी बायको. ती जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

तो रोज संध्याकाळी माझ्याकडे जेवायला यायचा. मी सुलेखा गेल्यावर स्वयंपाक शिकलो, त्यामुळे माझा रस्सा एक दिवस खारट, एक दिवस अळणी. तो दोन्ही संपवायचा. आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत.

"वजन किती झालं?"

"सत्याऐंशी."

"खरं?"

"सोमवारी वजन करायच्या आधी दोन लिटर पाणी पितो. पाण्याशिवाय पंचाऐंशी."

नोव्हेंबरच्या एका शुक्रवारी तो बूट न काढताच आत आला. हे पोरगं दारातच बूट काढून भिंतीला लावून ठेवणारं. मी म्हटलं, बूट काढ. तो म्हणाला, थंडी वाजते. मी ताट वाढलं नाही. शेवटी त्यानं काढले. डावा पाय बाहेरच्या बाजूनं निळा पडून सुजला होता.

"कधी झालं?"

"काही नाही झालं."

"मी कधी ते विचारलं."

"मंगळवारी. ट्रेनिंगमध्ये उडी मारली आणि दुसऱ्याच्या बुटावर उतरलो. पट्टी बांधली त्यांनी."

"वहीत लिहिलं?"

"कुठल्या वहीत?"

"कोचला सांगितलंस दुखतंय म्हणून?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच वेडा आहे. अकराव्या वर्षापासून तो सरकारी क्रीडाशाळेत वाढलेला. तिथं दुखतंय म्हणणाऱ्याची कॉट संध्याकाळपर्यंत दुसऱ्या मुलाला मिळते, असं तो म्हणाला. "आणि इथं माझी जागा घ्यायला दोन जण बसलेत. अजून पाच मॅच आहेत. शूशू, मला जेवू द्या."

पुढचे दोन आठवडे मी जिन्यावर त्याची पावलं ऐकत होतो. एक जड, एक हलकं. मग एका संध्याकाळी मी थेट त्यांच्या हॉलवर गेलो. कोचचं नाव राडेमाखर. गळ्यात शिट्टी, हातात कॉफी.

"हाओरानचा पाय तपासून घ्या," मी म्हटलं. "हाड गेलंय असं वाटतं."

"तुम्ही कोण?"

"खालच्या मजल्यावर राहतो."

"आल्झो, म्हणजे शेजारी. डॉक्टर आहात?"

"नाही."

"मग झालं तर. तो मला कधी काही बोललेला नाही. लहान आहे का तो?" आणि त्यानं मैदानाकडे तोंड करून हाक मारली, "श्पार्गेल, सगळं ठीक?"

हाओराननं लांबूनच अंगठा वर केला.

"बघा," राडेमाखर म्हणाला. "तो म्हणतोय ठीक आहे."

मी घरी आलो. हे वाक्य मी स्वतः बोललो होतो.

सुलेखाला भाजी घेण्यापुरतं जर्मन यायचं. तिच्या पोटात दुखायचं, तेव्हा दवाखान्यात मीच तिचं बोलणं डॉक्टरांना सांगायचो. ती म्हणायची, "अहो, सांगा त्यांना, आता बरं आहे. तुमची शिफ्ट चुकेल." आणि मी जर्मनमध्ये सांगायचो, ती म्हणते बरं आहे. ती रात्र रात्र उशी पोटाशी धरून बसते हे मला दिसत होतं. ते मी सांगितलं नाही. तीनदा गेलो, तीनदा तेच सांगितलं. चौथ्या वेळी डॉक्टरांनी मला न विचारता तिला पुढच्या तपासण्यांना पाठवलं, तेव्हा फार उशीर झाला होता. लोक मला म्हणाले, तुमचा काय दोष, तुम्ही ती बोलली तेच सांगितलंत. ऐकून मला त्यांच्या थोबाडीत मारावंसं वाटायचं.

त्या शनिवारी हाओरानला मॅचमध्ये उडीच मारता आली नाही. रविवारी तो स्वतःहून म्हणाला, नुसता एक्स-रे काढू. अट एकच, घरी जिन्यावरून पडलो असं सांगायचं. क्लबचं नाव निघता कामा नये.

मी "बरं" म्हटलं.

सोमवारी त्याला घेऊन कामावरच्या अपघातांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांना इथं डी-आर्त्स्ट म्हणतात. हा कुठला डॉक्टर ते हाओरानला ठाऊक नव्हतं, मला होतं. म्हातारा डॉक्टर फक्त जर्मन बोलत होता. एक्स-रे दिव्यावर लावला. बाहेरच्या बोटामागच्या लांब हाडाला चीर होती.

"आणखी दोन मॅच खेळला असता तर पूर्ण तुटलं असतं," तो म्हणाला. "मग स्क्रू, आणि इतक्या उंच माणसाचं पुढे काही सांगता येत नाही. कुठं झालं हे?"

मी हाओरानला प्रश्न सांगितला. त्यानं माझ्या बाहीला धरून हळूच सांगितलं, "जिन्यावर. घरी. काल."

डॉक्टर पेन धरून थांबला. "काय म्हणतो तो?"

"चौदा नोव्हेंबर, मंगळवार," मी म्हटलं. "क्लबच्या हॉलमध्ये, ट्रेनिंगमध्ये. दुसऱ्या खेळाडूच्या बुटावर उतरला. तिथल्या माणसानं पट्टी बांधली आणि कुठंही लिहिलं नाही. तीन आठवडे यावर खेळतोय."

ट्रेनिंग हा शब्द जर्मनमध्येही ट्रेनिंगच आहे. हाओराननं बाही सोडली. डॉक्टर लिहीत राहिला.

बाहेर ट्रॅमच्या स्टॉपवर, कुबड्या काखेत धरून, तो माझ्यावर चिनीत ओरडला. मग मला कळावं म्हणून इंग्रजीत. "तुम्ही खोटारडे आहात. तुम्ही माझे वडील नाही. दहा वर्षं मी यासाठी घालवली."

"ओरड," मी म्हटलं. "पण पाय टेकवू नकोस."

विम्याचं पत्र क्लबला गेलं. राडेमाखरनं फोन करून मला विचारलं की मी त्या पोराचं आयुष्य बरबाद का केलं. त्याला मी काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. करार वाढवला नाही. एकतीस डिसेंबरला क्लबनं त्याला दिलेल्या फ्लॅटची किल्ली मागितली. उपचार मात्र पाय बरा होईपर्यंत विम्यावर चालणार, कारण आता ते कामावर झालं असं कागदावर आहे.

तेव्हापासून तो माझ्याकडे राहतो. प्लास्टर घातलेला पाय घेऊन जाणार कुठं? माझी मुलगी उत्कर्षा ड्रेस्डेनला शिकते, तिच्या खोलीत पलंगाला स्टूल जोडून झोपतो. माझ्या घरात राहतो, माझा रस्सा खातो आणि माझ्याशी एक शब्द बोलत नाही. खुर्चीत बसल्या बसल्या चेंडू आपटतो. खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ क्लुम्प, दुपारी इथं आवाज करायचा नसतो अशी तक्रार घेऊन आल्या. मी म्हटलं, चेंडू आपटणं हे त्याचं काम आहे. त्या जिना उतरेपर्यंत बडबडत होत्या.

काल तो माझ्यासमोर कागद घेऊन उभा राहिला. दुसऱ्या गावच्या क्लबला पाठवायचं पत्र, इंग्रजीत. पाच आठवड्यांत पहिल्यांदा बोलला.

"जर्मनमध्ये लिहून द्या. पायाचं लिहायचं नाही."

"लिहिणार."

"मग नको." कागद ओढून घेऊन तो आत गेला. चेंडू सुरू झाला, माझ्या डोक्यात आपटावा तसा. मी भात लावला. कुकरची तिसरी शिट्टी झाली तेव्हा तो परत आला आणि कागद टेबलावर टाकला.

"लिहा. पण बरा झालाय असंही लिहा."

"बरा झाल्यावर लिहीन. मार्चमध्ये एक्स-रे आहे."

त्यानं खुर्ची ओढली आणि पाय स्टुलावर ठेवला. माझ्याकडे न बघता ताट पुढे केलं.