आईची उरलेली वर्षं

मी कॅल्क्युलेटर बोलतोय. दुकानदाराच्या गल्ल्याशेजारी असतो तो नव्हे. तो माझा धाकटा भाऊ, सुखी आहे बिचारा. चार बेरजा केल्या की त्याचा दिवस मावळतो. मी विद्यापीठातला. ‘कर्मचारी लाभ आणि निवृत्ती नियोजन’ असं लांबलचक नाव असलेला विषय शिकणाऱ्या पोरांच्या हातात माझं उभं आयुष्य गेलं. माणसं किती वर्षं कमावतील, किती वर्षं बसून खातील आणि साधारण कधी जातील, हे सांगता सांगता मी दमलो. आता आवाजही फार निघत नाही, तेव्हा जरा जवळ येऊन ऐका.

माझा जन्म कारखान्यातल्या एका सरकत्या पट्ट्यावर झाला. तिथे एका बाईने माझं एकेक बटण दाबून पाहिलं, जांभई दिली आणि मला खोक्यात टाकलं. जगात आल्यावर पहिलं दर्शन घडलं ते जांभईचं. पुढचं सगळं मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

माझ्या वरच्या रांगेत पाच बटणं आहेत. वर्षं किती, व्याज किती, आज हातात किती, दर खेपेला किती आणि शेवटी किती. यातल्या चार गोष्टी तुम्ही सांगायच्या, पाचवी मी सांगतो. एवढंच माझं शिक्षण. पण एवढ्यावर माणसाच्या साठीनंतरचं सगळं काढता येतं, असं त्या विभागात मानत.

विभागाच्या लोखंडी कपाटात आम्ही वीसेक भावंडं होतो. सत्र सुरू झालं की कारकून पोरांचं ओळखपत्र ठेवून घ्यायचा आणि आम्हाला एकेकाच्या ताब्यात द्यायचा. मग सत्रभर जे व्हायचं ते व्हायचं. कुणी आमच्यावर चहाचा कप ठेवायचं, कुणी दातांत पेन धरून तेलकट बोटांनी बटणं दाबायचं. एक पोरगी बाळाला मांडीवर घेऊन अभ्यास करायची, त्या बाळाने माझं एक बटण चोखून चोखून गुळगुळीत केलं. आणि उत्तर चुकलं की सगळीच पोरं तेच बटण पुन्हा जोरात दाबायची. अरे, जोरात दाबून उत्तर बदलतं का? पण सांगणार कोण?

विषय शिकवायला एक मॅडम होत्या. केस पिकलेले, आवाज बसका. पहिल्या तासाला आल्या की त्या विचारायच्या, “म्हातारं व्हायचंय कुणाला? हात वर करा.” विशीतली पोरं, कोण हात वर करणार? “बरं, मग लवकर जायचंय कुणाला?” पुन्हा एकही हात नाही. “तिसरा रस्ता नाही रे बाळांनो. उघडा पुस्तक.” दरवर्षी हेच. मला पाठ झालं होतं, तरी पोरं हसायची तेव्हा मलाही बरं वाटायचं.

या मॅडमची एक रीत होती. सत्राच्या शेवटी प्रत्येकाने आपल्या घरातल्या एका माणसाचं निवृत्तीचं नियोजन करून आणायचं, आणि तेही त्या माणसाला समोर बसवून. “पुस्तकातला माणूस कधी दमत नाही,” त्या म्हणायच्या, “घरातला घ्या.”

ऐकायला सोपं वाटतं. पण त्यात एक रकाना असा असतो की तिथे आपलं माणूस कितव्या वर्षी जाईल ते लिहावं लागतं. ते लिहिल्याशिवाय माझं घोडं पुढे जात नाही. या रकान्याशी आली की भल्याभल्या पोरांची बोटं माझ्यावर अडखळायची. एकाने आपल्या वडिलांना एकशे दहा वर्षं देऊन टाकली होती. मॅडमनी शेरा मारला, “प्रेम दिसलं. आता खरं लिही.”

मग एका वर्षी मी घाईबाईच्या हाती लागलो. हे नाव मॅडमनीच ठेवलेलं. ही मुलगी सकाळी कुठेतरी शिकवण्या घ्यायची, दुपारी वर्गात यायची, आणि तास संपायच्या आत तिचं एक पाऊल दाराबाहेर असायचं. हुशार होती. पण जेवण असो की गणित, सगळं पटापट उरकायची.

तिने नियोजनासाठी घेतली तिची आई. दुसरं कोण घेणार? वडील ती लहान असतानाच गेलेले. आई एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात इस्त्रीवर होती. दिवसभर उभ्याने चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट. पाय सुजलेले, बोटांवर चटक्यांचे जुने डाग. अठ्ठावन्न वर्षांची झाली होती आणि त्या वर्षी निवृत्त व्हायची होती. इस्पितळाने तिला विचारलं होतं, सगळी रक्कम एकदम हवी की जन्मभर दर महिन्याला पेन्शन? एकदा सांगितलं की बदल नाही. उत्तर महिनाअखेरीला द्यायचं होतं.

म्हणजे बाकीच्या पोरांचा तो अभ्यास होता आणि हिच्या घरचा तो खरा प्रश्न होता.

एका सुट्टीच्या दुपारी त्या दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. आई ओले केस मोकळे सोडून बसली होती. घाईबाईने मला पुढे ओढलं.

“हे काय गं, परीक्षा माझी आहे की तुझी?” आईने विचारलं.

“दोघींची. बोलू नकोस, चुकेल माझं.”

तिने पुस्तकाच्या मागचा तक्ता उघडला, बायकांचं सरासरी आयुष्य पाहिलं, बहात्तर. म्हणजे चौदा वर्षं उरली. क्षणभर तिचं बोट थांबलं, मग तिने ती चौदा वर्षं माझ्यात घातली. मी उत्तर दिलं. चौदा वर्षांच्या पेन्शनपेक्षा एकदम मिळणारी रक्कम भारी पडत होती.

“एकदम घे, आई,” ती म्हणाली. तिच्या आवाजात सुटका होती, मी ती ऐकली. कारण एकदम रक्कम आली असती तर तिची पुढच्या पदवीची फी निघाली असती. मायलेकींचं ते आधीच बोलून झालेलं होतं. आईलाही तेच हवं होतं. पडत्या फळाची आज्ञा म्हणतात ती अशी.

माझा एवढ्या वर्षांचा अनुभव सांगतो. उत्तर गैरसोयीचं आलं की माणूस तीन-तीनदा पडताळतो. सोयीचं आलं की मला बंद करून चहा टाकतो. त्या दिवशीही चहाच झाला.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी तिचे कागद तपासले आणि तिला खोलीत बोलावलं. मी तिच्या पिशवीतून टेबलावर आलो.

“घाईबाई, तुझी आई पाळण्यात आहे का?”

“म्हणजे, मॅडम?”

“हा बहात्तरचा आकडा आज जन्मलेल्या बाळासाठी असतो गं. जी लहानपणीच गेली, तरुणपणी गेली, बाळंतपणात गेली, ती सगळी त्यात धरलेली असतात. तुझी आई त्या सगळ्यातून पार होऊन अठ्ठावन्नपर्यंत आलीय ना? मग तिच्या वयाची ओळ बघ.”

घाईबाईने ओळ शोधली. अठ्ठावन्नच्या बाईला पुढे आणखी पंचवीस वर्षं. तिने तिथेच, उभ्याउभ्याच, मला पुन्हा कामाला लावलं. या खेपेला पेन्शन भारी ठरली, आणि थोडीथोडकी नव्हे. एकदम घेतलेली रक्कम सत्तरी ओलांडल्यावर काही वर्षांत संपली असती आणि पुढची वर्षं आईने कुणाच्या तोंडाकडे बघत काढली असती.

“सरासरी आहे हो ही, मॅडम. कमीही होऊ शकतं.”

“होऊ शकतं. जास्तही होऊ शकतं. पण लवकर गेली तर तिचं पैशावाचून अडणार नाही. जगली तर अडेल.” मॅडम चष्मा पुसत राहिल्या. “आईने कळवलं का तिकडे?”

“उद्या कळवणार आहे.”

ती बसने घरी गेली. वाटेत तिने मला पिशवीतून दोनदा बाहेर काढलं आणि तेच गणित पुन्हा केलं. उत्तर तेच आलं. मला तिची कीव आली. न सांगता राहिली असती तर कुणाला कळलं असतं? आई खुशीत होती, फी निघत होती, मॅडमनी तर सुधारलेल्या गणिताला गुणही दिले होते.

आई कामावरून येऊन पाय लांब करून बसली होती. घाईबाईने चप्पलही काढली नाही, मला हातात धरूनच बोलली.

“आई, मी चुकले. तू महिन्याची पेन्शन घे.”

“का गं? काय झालं?”

“मी तुझी वर्षं कमी धरली. चौदा नाही, पंचवीस आहेत.”

मला वाटलं, बाई हरखून जाईल. आयुष्य वाढल्याचं कळलं की कुणीही हरखेल. पण तिने माझ्याकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे.

“पंचवीस?” ती म्हणाली. “एवढी वर्षं मी काय करू गं?”

घाईबाई माझं पुसायचं बटण दाबत राहिली. पाच बटणांत त्याचं उत्तर नव्हतं. मी नुसता शून्य दाखवत बसलो.

शेवटी आईच म्हणाली, “आणि तुझी फी?”

“मी नोकरी बघते. शिकेन नंतर.”

“नंतर कोण शिकतं?”

“मी शिकेन.”

“तू?” आई थोडी हसली. “तू घाईत असतेस, तुला नंतरला कुठे वेळ?” पण दुसऱ्या दिवशी तिने महिन्याची पेन्शन लिहून दिली. त्यावर दोघी पुन्हा कधी भांडल्या नाहीत. भांडायला ताकद लागते, आणि दोघींकडे ती नव्हती.

त्याच उन्हाळ्यात विभागाने आम्हाला मोडीत काढायचं ठरवलं. पोरं आता सगळं मोबाइलवर करत होती. कारकून कपाट रिकामं करत होता, तेव्हा घाईबाई निकाल घ्यायला आली होती. मॅडमनी मला उचलून तिच्या हातात ठेवलं. “घेऊन जा. नाहीतरी भंगारात जाईल.” इतकी वर्षं दुसऱ्यांच्या निवृत्तीची सोय लावली, पण माझी सोय कुणी लावली नव्हती. राग नाही आला. राग यायलाही सेलमध्ये दम लागतो.

घाईबाईला नोकरी लागली. एका कचेरीत दुसऱ्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांची पेन्शन, विमा, रजा यांची कामं बघायची. विषय अगदी तिचाच. नेमणूक मात्र कंत्राटी. दर वर्षी नवा करार. पेन्शन नाही, विमा नाही, भरपगारी रजाही नाही. दिवसभर ती लोकांना सांगायची, तुम्हाला अमुक मिळेल, तमुक मिळेल. स्वतःला मिळायचा तेवढा पगार. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच.

आई घरी बसली. पहिले काही दिवस ती पहाटे दचकून उठायची, कपडे करायची आणि मग आठवायचं. हळूहळू तिची झोप लांबली. पायांची सूज उतरली. चेहऱ्यावर थोडं तेज आलं. एका संध्याकाळी घाईबाई कामावरून आली आणि टेबलावर डोकं टेकून बसली. मी तिथेच होतो, बिलांवर वजन म्हणून. आईने तिच्यापुढे जेवण ठेवलं आणि मला हातात घेतलं.

“माझं काढलंस. आता तुझं काढ बघू. तू कधी थांबणार ते तरी कळू दे.”

“राहू दे ना आई. दमलेय मी.”

“काढ गं. गंमत म्हणून.”

घाईबाईने डावा हात लांबवला. उजव्या हातात घास होता. आज हातात असलेलं शून्य, पगारातून महिन्याला उरतील तेवढे पैसे, व्याज, आणि शेवटी आईच्या पेन्शनीएवढीच पेन्शन देईल एवढी रक्कम, जास्तीची हाव नाही. चार गोष्टी तिने दिल्या. पाचवी माझ्याकडे मागितली, वर्षं. किती वर्षं काम केलं की तिला आईसारखं घरी बसता येईल?

मी मोजलं. माझ्या हातात असतं तर मी खोटं सांगितलं असतं. पण मला ते येत नाही.

बावन्न.

पोरगी बावीस वर्षांची. तिने आकडा बघितला आणि नुसतं “हं” केलं. पुढचा घास घेतला. आईने मला आपल्याकडे वळवलं. ओठ हलवत तिने मनातल्या मनात बेरीज केली. बावीस आणि बावन्न. तिच्या स्वतःच्या वर्षांचा हिशेब झाला तेव्हा तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. आता मात्र एक थेंब माझ्या काचेवर पडला. तिने तो पदराने पुसला, पोरीला दिसू नये म्हणून पाठ फिरवली आणि माझं लाल बटण दाबून मला बंद केलं. जोरात दाबलं. मला लागलं, पण मी समजून घेतलं.

“किती आलं होतं गं? मी नीट बघितलंच नाही,” घाईबाई म्हणाली.

“काही नाही. जेव तू. गार होतंय.”

दुसऱ्या दिवशी पोरगी कामावर गेल्यावर आईने मला एका स्वच्छ फडक्यात गुंडाळलं. फडक्याला इस्त्री केलेली होती, घडीला घडी लागलेली. मला तिने कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, हिवाळ्याच्या पांघरुणांखाली सरकवलं. तेव्हापासून मी इथेच आहे. अंधार आहे, ऊब आहे, कुणी काही विचारत नाही. खरं सांगू? बरं वाटतंय.

परवा घाईबाई मला शोधत होती. कचेरीत काहीतरी पडताळायचं होतं म्हणे. टेबलाचे सगळे खण उपसले तिने. आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तो होय? तो बिघडला केव्हाच. उत्तरं चुकीची द्यायला लागला होता. दिला टाकून.”

“चुकीची?” घाईबाई थांबली. “तरीच बावन्न आलं!” आणि बऱ्याच दिवसांनी ती मोकळं हसली.

मी बिघडलेलो नाही. माझं एकही बटण अडकत नाही, एकही उत्तर चुकलेलं नाही. पण तुम्हाला ती मुलगी कुठे भेटली, तर तिला हे सांगू नका.