चंद्रावतीबाई नदीत बसल्या तेव्हा

रविवारी सकाळी आठ वाजता चंद्रावतीबाई गाढी नदीच्या मधोमध मासळी विकायला बसल्या. निदान माझ्यावर तरी तसंच दिसत होतं.

मित्रांनो, मी एक नकाशा आहे. घडी घालून ठेवायचा कागदी नकाशा नव्हे; मी फोनवर उघडतो, बोटाने सरकतो, लहानमोठा होतो. विचुंबे गावाचे रस्ते, नव्या सोसायट्या आणि नदी माझ्या अंगावर आहेत. मासळीवाली जिथे बसली असेल, तिथे माझ्यावर एक निळा मासा उमटतो. माझं काम एवढंच.

ते काम का निघालं, तेही सांगतो. चंद्रावतीबाई उरणजवळच्या मोऱ्याच्या. पहाटे धक्क्यावर मासळी घ्यायची, टेम्पोने विचुंब्याला यायचं आणि एका सोसायटीच्या फाटकाशी पाटी मांडायची, हा त्यांचा जुना क्रम. यंदा फाटकासमोरचा रस्ता पाइपसाठी खणला गेला. मग त्या जागा मिळेल तिथे बसू लागल्या. कधी औषधाच्या दुकानाशी, कधी मैदानाच्या कोपऱ्यावर. गिऱ्हाइकं शोधत फिरायची, इकडे बर्फ वितळायचा आणि मासळी उरायची.

"आता येनार नाय मी," एकदा त्या कृष्णकांतकाकांना म्हणाल्या. "धक्क्यावरच यापाऱ्याला देऊन टाकीन पाटी. तो देल ते घ्यायचा."

कृष्णकांतकाका निवृत्त आहेत आणि बोंबलांच्या बाबतीत फार हळवे आहेत. ते घरी आले आणि सुनेला म्हणाले, "कीर्ती, काहीतरी कर."

कीर्ती एका कचेरीत वेबसाइटी बनवते. तिच्या टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर माझा जन्म झाला. तिने मला फिकट राखाडी रस्ते दिले, नाजूक निळे मासे दिले. माशावर माउसचा बाण नेला की विकणारीचं नाव आणि आजची मासळी अलगद उमटायची. तिच्या सहकाऱ्यांनी माझं कौतुक केलं. मीही फुगलो.

मग मी फोनवर गेलो आणि माझी फजिती सुरू झाली. तिथे बाणच नव्हता, त्यामुळे नाव उमटेना. उन्हात माझे फिकट रस्ते दिसेनात. माझ्याखाली चंद्रावतीबाईंचा नंबर होता. तो बघायला पान वर सरकवावं, तर पान जागच्या जागी आणि मीच सरकायचो.

"अगं, नंबर बघायला निघालो आणि पार नेरे गावाला पोचलो!" काका म्हणाले.

कीर्तीने तोड काढली. एका बोटाने पान सरकेल, दोन बोटांनी नकाशा. काकांचं काम झालं. पण मासा उमटवायचा असतो तो विकणारीला. तिने आपली जागा माझ्या मध्यावर आणायची आणि बटण दाबायचं, अशी रीत होती. त्या रविवारी चंद्रावतीबाईंच्या एका हातात कोयता होता. दुसऱ्या हातात फोन, तोही प्लास्टिकच्या पिशवीत. मी हलेना. शेवटी त्यांनी अंगठ्याने बटण दाबून टाकलं. तेव्हा माझ्या मध्यावर नदी होती.

लगेच एका गिऱ्हाइकाचा फोन आला.

"मावशी, पाण्यात उतरायचं का?"

"उतर की! आनि येताना एक जिताडा पकडूनच ये!"

कीर्ती धावत आली, मागोमाग काका. "मावशी, दोन बोटांनी सरकवायचा तो."

"दोन बोटा कुठून आनू गो बाय? सायबांची उसनी घेऊ?"

"माझी नकोत," काका म्हणाले. "मला जेवायला लागतात."

सगळे हसले. पण दुपारी पाटीत मांदेली उरली आणि चंद्रावतीबाई उठताना म्हणाल्या, "बुधवारपर्यंत बगते. नायतर यापाऱ्याला हो सांगून टाकते."

दुसऱ्या दिवशी कीर्तीने सुट्टी घेतली. फोन पिशवीत घातला, हात पाण्यात बुडवले आणि गॅलरीत भर उन्हात उभी राहिली. चार बटणं दाबायला गेली, त्यांतलं एक दाबलं गेलं, तेही चुकीचं. मग तिने मला नव्याने घडवलं. रस्ते गडद केले. मासा अंगठ्याएवढा केला. त्यावर बोट टेकवलं की नाव खालून वर येऊ लागलं. जड चित्रं काढून टाकली, म्हणजे नेटवर्क अर्धवट असलं तरी मी उघडेन. आणि तळाशी रुंद बटण दिलं: 'मी इथे बसले'. आता मला सरकवायची गरजच नव्हती. जागा फोन स्वतःच ओळखणार होता.

दिवसभर काका मला उघडून बघत होते. "एकही मासा नाही गं. बंद पडला का?"

"बाबा, आज सोमवार."

"हो की! आज मासे कोण खातंय."

बुधवारी सकाळी मैदानाच्या कोपऱ्यावर निळा मासा उमटला. नेमका तिथेच. मित्रांनो, त्या क्षणी मला झालेला आनंद कसा सांगू! पिशव्या घेऊन माणसं आली, बोंबलांचे वाटे भराभर उचलले गेले. काका दाढी करत बसले होते. ते पोचेपर्यंत पाटीच्या तळाशी चार मांदेली राहिली होती.

"सायेब, नकाशा हाय, तुमची वाट नाय बगत कोन!" चंद्रावतीबाई म्हणाल्या. मग कीर्तीकडे वळून, "धक्क्यावर गंगाबाय इचारते, मला पन बसव त्याच्यात. मी सांगितला, आदी मला नदीतून भायेर येऊ दे."

यापाऱ्याचं काय ठरलं, हे विचारायचं कोणाच्याच लक्षात राहिलं नाही.

घाईत त्या 'मी उठले' हे बटण दाबायचं मात्र विसरल्या. संध्याकाळीही माझा मासा मैदानाच्या कोपऱ्यावरच होता. दोघंजणं पिशव्या घेऊन आली. तिथे फक्त एक मांजर बसली होती. म्हणून सांगतो, मला घडवून कपाटातल्या शोभेच्या वस्तूसारखं ठेवू नका. उठताना बटण दाबा. रस्ता बदलला तर मलाही बदला. आणि मला सजवाल तेव्हा एकदा ओल्या हाताने, उन्हात उभं राहून उघडून बघा.

आज शुक्रवार. सात वाजले आहेत. विचुंब्यात अजून एकही मासा नाही. पण दूर, मोऱ्याच्या धक्क्यावर, एक मासा उमटला आहे. चंद्रावतीबाईंचा. त्याला खेटून दुसरा आहे, कीर्तीने कालच बसवलेल्या गंगाबाईंचा. त्या तिथे यापाऱ्याशी बोलत आहेत की टेम्पोची वाट बघत आहेत, ते माझ्यावर दिसत नाही. कृष्णकांतकाका आज दाढी न करताच पिशवी घेऊन दारात उभे आहेत. दोन्ही मासे अजून धक्क्यावरच आहेत.