भिंतीवरच्या तारखा

इंद्रनीलने गॅरेजचे दार गुडघ्याइतके वर उचलले आणि तसेच धरून ठेवले, कारण उजेड आत येत होता. आधी तो सिमेंटच्या फरशीवरच्या तेलाच्या जुन्या डागावर आला. तेथे क्षणभर रेंगाळून सायकलच्या पुढच्या चाकापाशी पोचला, आणि एकेका आऱ्यावर चढत हँडलपर्यंत गेला. वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटमध्ये डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ असल्यामुळे सूर्य उशिरा दिसतो. तो दिसण्याआधीचा हा उजेड फिका असतो, निवलेल्या दुधासारखा. मागच्या भिंतीला लागून रिकामी खोकी छतापर्यंत रचलेली होती: टीव्हीचे, मायक्रोवेव्हचे, पंख्याचे. भारतात परत जाताना सामान भरायला लागतील म्हणून सात वर्षे जपलेली. उजेड त्यांच्यावरून सरकत दाराशेजारच्या मोकळ्या भिंतीवर थांबला. तेथे लाल पेन्सिलीने एकाखाली एक आठ तारखा लिहिलेल्या होत्या.

"दार उघडतोस की उजेड मोजतोस?" मागून अण्णा म्हणाले.

पँटच्या पायांना क्लिपा लावून अण्णा तयार होते. हेल्मेट मात्र त्यांनी कुणाचे तरी सामान सांभाळावे तसे काखेत धरले होते. पस्तीस वर्षे आपण सायकल चालवली, तेव्हा डोके कधी फुटले नाही, आणि इथे रस्त्यावर चिटपाखरू नसताना हे अर्धे कलिंगड कशाला, हे त्यांनी गेले आठ आठवडे दर रविवारी विचारले होते. आजही विचारले, आणि घातले. हा शेवटचा रविवार होता. गुरुवारी त्यांचे विमान होते.

अण्णा, म्हणजे त्याचे वडील दीनानाथ, सावंतवाडी तालुक्यात मलेरियाचे कर्मचारी होते. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी सायकलवरून जायचे, माणसे किती आणि ताप कुणाला, हे विचारायचे. कुणाला ताप असला तर बोट टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायच्या, आणि दाराशेजारच्या भिंतीवर तारीख टाकून सही करायची. सुट्टीच्या दिवसांत इंद्रनील भाड्याच्या लहान सायकलवर त्यांच्या मागे असे. मळेवाडचा उतार, काजूची सावली, पुढच्या सायकलच्या कॅरियरवर पत्र्याच्या डब्यात किणकिणणाऱ्या काचा. आजही कुठे बशीवर बशी घासली की त्याला तो रस्ता आठवे.

घराच्या भिंतीवर लिहिण्याची अण्णांची एक पद्धत होती. कायम वस्तीचे घर असले की ते पट्टीने चौकट आखत, तिच्या डोक्यावर घराचा क्रमांक आणि माणसांची संख्या लिहीत, खाली वर्षभराच्या चोवीस पंधरवड्यांची घरे. वीटभट्टीवर, पालात किंवा हंगामापुरते आलेल्यांकडे मात्र चौकट नाही, नुसती तारीख. चौकट आखायची म्हणजे पुढच्या पंधरवड्याला माणूस तेथेच सापडेल, असे आपण लिहून दिल्यासारखे असते, असे ते म्हणत.

पहिल्या रविवारी फेरी मारून आल्यावर त्यांनी गॅरेजच्या भिंतीवर नुसती तारीख लिहिली, तेव्हा इंद्रनीलला बरे वाटले होते. दोन वर्षांनी येतो, असे तो फोनवर सांगत असे. सात वर्षे तो हेच सांगत होता. सावंतवाडीच्या घरात आई गेल्यापासून अण्णा एकटेच होते. त्याची सायकल त्यांनी पडवीत टांगून ठेवली होती आणि महिन्यातून एकदा ते तिला तेल देत. आलास की लागेल, असे सांगत.

टीव्हीच्या खोक्यात घरमालकिणीचे पत्र होते. ती मुलीकडे नेल्सनला राहायला जाणार होती. घर विकायचे होते, आणि आधी त्याला विचारावे असे तिला वाटले होते. सोमवारपर्यंत उत्तर हवे होते. रोज फार्मसीतून घरी येताना इंद्रनील मनातल्या मनात नकाराचे पत्र नीट जुळवत असे. ते कागदावर उतरले नव्हते. अण्णांना त्याने यातले काहीच सांगितले नव्हते.

आकाटारावाचा रस्ता गावाबाहेर पडताच अरुंद झाला. नदी कधी डाव्या हाताला, कधी उजव्या. एकेरी पूल आले की इंद्रनील थांबे आणि अण्णा येईपर्यंत पाण्याकडे पाहत राही. चढावर त्यांनी सायकली हाती धरल्या. दोन्ही बाजूंना झाडाएवढे उंच नेचे होते आणि त्यांच्या झावळ्यांतून ऊन गाळून येत होते. पोफळीच्या बागेत शिरल्यासारखे वाटते, अण्णा म्हणाले, फक्त सुपाऱ्या लावायला विसरलेत. माथ्यावर त्यांनी डब्यातले थालीपीठ खाल्ले. तासाभरात दोन गाड्या गेल्या, आणि दोन्ही गाड्यांतल्या माणसांनी हात केला. अण्णांनीही तत्परतेने केला.

उतार संपल्यावर शेते लागली. एका फाटकाशी टपालपेटीला रंग देत एक प्रौढ बाई उभी होती. किआ ओरा, असा तिथला नमस्कार तिने केला, आणि अण्णांचा घामेजलेला चेहरा पाहून न विचारताच पाण्याचा जग आणि पेला घेऊन आली. पाणी प्यायच्या आधी अण्णांनी आपल्या सावकाश, नेटक्या इंग्रजीत तिला विचारले, घरात माणसे किती? दोन, ती म्हणाली. कुणाला ताप? ती गोंधळून हसली. नवऱ्याला मासेमारीचा आहे, बाकी ठीक, म्हणाली. अण्णांनी गंभीरपणे मान हलवली आणि तिच्या घराच्या दाराशेजारची पांढरी भिंत एकवार पाहून घेतली.

मग तिने इंद्रनीलला विचारले, तुम्ही कुठले?

"अप्पर हट," तो म्हणाला.

शब्द निघून गेल्यावर त्याच्या ते लक्षात आले. मूळचे भारतातले अर्थात, असे त्याने घाईने जोडले. बाईने छान, म्हटले, आणि ब्रश पुन्हा रंगात बुडवला. अण्णा पाणी पीत होते. पेला रिकामा झाल्यावरही त्यांनी तो थोडा वेळ ओठांशी धरून ठेवला.

वाइकानाईच्या किनाऱ्यावर वारा पडला होता. समोर कापिटी बेट निळे, आखल्यासारखे. अण्णांनी बूट काढून वाळूत शेजारी शेजारी ठेवले आणि घोट्याएवढ्या पाण्यात जाऊन उभे राहिले. हा समुद्र आपल्यासारखाच पश्चिमेला आहे, सूर्य इथेही पाण्यातच बुडत असेल, असे काहीसे ते म्हणाले. 

"पडवीतल्या तुझ्या सायकलीचे टायर गेलेत," मग ते म्हणाले. "रबराला भेगा पडल्यात."

"आलो की बदलू."

"हं."

"खरंच, अण्णा. अजून दोन वर्षं फार तर."

अण्णांनी त्याच्याकडे पाहिले नाही. त्यांनी वाकून ओंजळभर पाणी घेतले आणि तोंडावर मारले.

"भूक लागली असेल तुला," ते म्हणाले. "चल."

पारापाराउमूपर्यंत सपाट रस्ता होता, आणि पुढे आगगाडी. सायकलींना धरून दोघे दाराशी बसले. वेलिंग्टनला गाडी बदलून ते घरी पोचले तेव्हा अजून लख्ख ऊन होते. अण्णा म्हणाले, तू चहा टाक, मी सायकली पुसून ठेवतो. इंद्रनीलने आले किसले, चहा गाळला, दोन कप भरले. गॅरेजमधून काही सरकवल्याचे, मग पुठ्ठा दुमडल्याचे आवाज येत होते. मग ते थांबले. न्हाणीघरातले पाणी सुरू झाले.

चहा निवेल म्हणून त्याने कपांवर बशा झाकल्या आणि तो गॅरेजमध्ये गेला.

खोकी उलगडून, सपाट करून, सुतळीने बांधून दाराशी ठेवलेली होती. त्या गठ्ठ्यावर घरमालकिणीचे पत्र होते, पुन्हा पाकिटात नीट घातलेले. मागची भिंत सात वर्षांनंतर उघडी पडली होती. उघड्या दारातून येणारे पश्चिमेचे ऊन तिच्यावर पडले होते.

भिंतीवर लाल पेन्सिलीची चौकट होती. पट्टी न मिळाल्यामुळे पुठ्ठ्याच्या कडेने आखलेली असावी, रेघा जागोजागी किंचित तुटलेल्या. डोक्यावर घराचा क्रमांक, सतरा. खाली, माणसे: एक. पहिल्या घरात आजची तारीख आणि अण्णांची ती लपेटदार सही, जी मळेवाडपासून सावंतवाडीपर्यंत प्रत्येक दाराशी होती.

इंद्रनीलने उरलेली घरे मोजली. तेवीस होती. पंधरा दिवसांनी ती भरायला कुणी येणार नव्हते.

आत पाण्याचा आवाज थांबला. चहा झाला का रे, असे अण्णांनी विचारले. झाला, तो म्हणाला, आणि तेथेच उभा राहिला.

तो परत जाणार नव्हता.