टेकलेला अंगठा

मी गेम खेळायचा कंट्रोलर बोलतोय. हो, तोच, दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी दाबायचा. सध्या मुक्काम एका ऑफिसातल्या खालच्या खणात, जुन्या वायरींच्या गुंत्यात.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, एखाद्या घरात जाऊ, भावंडं माझ्यावरून भांडतील. नशिबात आलं बेसबॉलचा व्हिडिओ गेम बनवणारं ऑफिस. इथे खेळ कमी, तपासणी जास्त. एकच चेंडू दोनशे वेळा मारायचा आणि दोनशे वेळा नाक मुरडायचं. कुणी चिप्सच्या तेलकट बोटांनी धरायचं, कुणी हरलं की मला टेबलावर आपटायचं. हरणार स्वतः आणि मार मला.

त्यांच्यातल्या एकीचे हात तेवढे स्वच्छ. सगळे तिला चष्मिस म्हणत. तिने गेममध्ये एक नवा प्रकार सुचवला होता, 'राखीव खेळाडू'. बाकीच्या प्रकारांत तुम्ही पहिल्या चेंडूपासून हिरो. यात बाकावर बसायचं, सामना बघायचा आणि कोचच्या हाकेची वाट बघायची. हाक आली की उठायचं, बॅट घ्यायची आणि एकदा, फक्त एकदा, मारायला उभं राहायचं.

हे तिला सुचलं तिच्या दादावरून. दादा अकरा वर्षं बेसबॉलच्या एका क्लबात राखीव होता. दोनशे बारा सामने बाकावर काढले त्याने. दर वेळी गणवेशाला माती न लागता घरी यायचा, आणि आई तरीही तो धुवायची.

साहेबांना दाखवताना चष्मिसने माझी वरची दोन बटणं एकदम दाबली. ती दाबली की कोच लगेच हाक मारायचा. कामापुरती केलेली सोय होती ती, नाहीतर तपासणाऱ्याने किती ताटकळायचं? साहेबांनी जांभई दिली. म्हणाले, "अगं, लोक खेळायला येतात, बसायला नाही. बाहेरच्या कुणाला तरी दिवसभर बसव. तो रमला तर बघू."

तिने दादालाच बोलावलं. पडद्यावरचा खेळाडू अगदी त्याच्यासारखा हवा, म्हणून त्याचेच आकडे भरले. मायेने भरले हो. उंची, वय, बाकावरचे सामने दोनशे बारा, आलेल्या हाका शून्य. आणि तिथेच घोटाळा झाला. पुढे हाक कितीदा यायची, हे मशीन त्याच आकड्यांवरून ठरवत होतं.

दादा सकाळी दहाला आला, इस्त्रीचा शर्ट घालून. "मारायचं बटण कुठलं?" एवढंच त्याने विचारलं आणि उजवा अंगठा त्यावर ठेवला. आपण समोर असलो तर तो लाजेल म्हणून चष्मिस शेजारच्या खोलीत जाऊन बसली.

एक सामना संपला. दुसरा संपला. "चेंडू टाकणारा बदलला. आता बोलावतील," तो स्वतःशीच म्हणायचा. चहा आला, गार झाला. सामने भराभर पुढे पळवायचं बटण त्याला दिसत होतं, पण त्याने एकही सामना पळवला नाही. हाक आणणारी ती वरची दोन बटणं माझ्याच अंगावर होती. त्याची बोटं त्यांच्यापासून नखभर लांब होती. मी काय करणार? मला स्वतःला दाबता येत नाही. जीव नुसता तुटत होता.

चार वाजता चष्मिस आत आली. पडद्यावर अठरावा सामना चालू होता.

"एकदाही नाही बोलावलं?"

"अजून तरी नाही."

तिने आकडे उघडून पाहिले आणि हाकांपुढच्या शून्यावर बोट ठेवलं. "दादा, चूक झाली रे माझी. मी तुझेच आकडे घातले."

"मग बरोबरच आहेत की ते."

"ही वरची दोन बटणं दाब. लगेच हाक येईल."

"म्हणजे हाक तू मारणार."

तिने चष्मा काढून ओढणीने पुसला.

"राहू दे. कोचने मारायला हवी होती." त्याने मला हळूच टेबलावर ठेवलं. "पण चांगलं केलंयस हं. अगदी असंच असतं."

जाताना त्याला एक कागद भरायला दिला. 'मजा आली का?' त्याने लिहिलं, 'हो, खूप.' साहेबांनी कागद बाजूला सारला आणि मशीनमधली नोंद पाहिली. "सहा तासांत एक बटण दाबलेलं नाही. हा रमलेला माणूस? झोपला असेल." नवा प्रकार त्याच दिवशी बाद झाला आणि मशीनमधून पुसलाही गेला.

झोपला नव्हता हो तो. सहा तास त्याचा अंगठा मारायच्या बटणावर टेकलेला होता. घामाने ओला झाला होता. पण दाबलेला अंगठाच मशीनला कळतो, टेकलेला कळत नाही. तो मलाच कळला, आणि माझी साक्ष काढतो कोण?

कधीतरी चष्मिस खण उघडते. मला कशालाही न जोडता वरची दोन बटणं एकदम दाबते, थोडा वेळ थांबते आणि पुन्हा ठेवून देते.

तुमच्याही ओळखीत कुणीतरी असा अंगठा टेकवून बसलेला असेल. तो स्वतःहून काही बोलणार नाही. हाक तुम्हीच मारा, त्याच्या अंगात अजून उठायची ताकद आहे तोवर. माझ्याच्याने नाही झालं.