भूक राखून ठेवायची होती

फौजी सुट्टीवर आला की आमच्या भावकीला चेव चढतो. सरकार ह्याला तिकडं उपाशीच ठेवतं, अशी प्रत्येक घराची खात्री. आल्या दिवशीच आईनं मला बजावलं, "समद्यांकडं जेवाय जा. कुणाला न्हाई म्हणू नगंस. माझ्या हातचं जेवायचा दिस शेवटचा." गावात आईच्या, बनुबाईच्या शब्दाला मान आहे, आणि तो मान माझ्या पोटानं राखायचा होता.

मी राखला. लालासाहेब काकांकडं तांबडा रस्सा, नानासोंकडं पुरणपोळ्या. "लाजतो काय रं गड्या?" म्हणत नानासो वाटीभर तूप ओतायचे. दुपारी उसाच्या कडेला बाजेवर पडलो की डोळे मिटायच्या आत झोप. झोपेत कृष्णेच्या पाण्यावरून ताटं वाहत यायची, एकामागून एक, वाफाळती. प्रत्येक ताटामागं गुडघाभर पाण्यात एक चुलती उभी, "एवढं घे बाळा" म्हणत. मी घ्यायचो. तीन आठवड्यांत वर्दीची पँट कमरेला बसेना.

शेवटच्या आठवड्यात स्वप्न बदललं. कुणीतरी नदीत हात आडवा धरला होता. चेहरा दिसत नव्हता. ताटं त्या हाताला अडून संथपणे मागं फिरायची आणि मला फार हलकं वाटायचं. जाग आली की भुकेचा पत्ता नाही. मटणाचा वास आला तरी जीभ गप्प. लोकांची नजर चुकवून मी घास कुत्र्याला टाकू लागलो.

चुलत बहीण प्रियदर्शनी सांगलीत डॉक्टरकी शिकते. तिला विचारलं, तर हसायलाच लागली.

"दादा, डोक्यात एक जागा हाय. अंगात चरबी वाढली की रक्तातनं तिला सांगावा जातो, मग ती भूक आवरती. वजन हळूहळू उतरतं. उपास पडला तर उलटं, भूक बोंबलत उठती. म्हैनोन्‌म्हैनं असंच हाणत ऱ्हायलास तर मात्र त्या जागेचंबी काय चालत न्हाई."

"अगं, पण शनिवारी आईचा दिस हाय. तेवढ्यापुरती भूक दे म्हणावं."

असं औषध तिच्याकडं नव्हतं.

शुक्रवारी मी पाण्यावर काढला. शनिवारी पहाटे नदीपर्यंत पळत जाऊन आलो. काही नाही. आई सकाळपासून हुलग्याच्या शेंगोळ्या वळत होती. पीठ तिच्या माहेरचं, आटपाडीहून मागवलेलं. चारला माझी गाडी होती. बाराला तिनं ताट वाढलं आणि समोर बसली. वर्षभर ती ह्याच घटकेची वाट बघत होती, हे मला ठाऊक होतं.

पहिला घास तोंडात फिरत राहिला. उतरेना. खोलीभर लसणाची वाफ तरंगत होती, आई त्या वाफेपलीकडं फार लांब बसल्यासारखी दिसत होती. मला रडूच आलं, फौजेत नाईकाच्या हुद्द्यावर चढलेल्या माणसाला.

"आई, भूकच न्हाई गं. सगळ्या गावाला दिली. तुझ्यासाठी ठेवली न्हाई."

ती म्हणाली, "कळत व्हतं मला." पदरानं तिनं माझं तोंड पुसलं. "तू गेलास की माझं असंच हुतं. चार दिस घास उतरत न्हाई. आन् पाचव्या दिशी अशी भूक लागती, पोटात आग पडती नुसती. लय शरम वाटती बाबा. लेक तिकडं बर्फात, आन् मला भाकरी दिसती. बाया इचारत्यात, जेवलीस का? न्हाई म्हणती. मग दार लावून खाती."

बारा वर्षं मी फौजेत आहे. बारा वर्षांत हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

"आई, ती भूक तुझ्या हातातली न्हाई," मी म्हटलं. "डोकं उठवतं तिला. तू जगावंस म्हणून."

ताट मी तिच्याकडं सरकवलं. वर गरम रस्सा वाढला. तिनं एक शेंगोळी उचलली, मग दुसरी. मी समोर बसून बघत राहिलो.

तेवढ्यात शेजारची दगडाबाई दारात आली. "बनुबाई, लेक जेवला का?"

आईचा हात थबकला. तिनं माझ्याकडं बघितलं.

"न्हाई," ती म्हणाली, "मी जेवतीया." आणि माझ्यापुढं ताट धरलं, "वाढ रं अजून पळीभर."