घासून काढलेला रंधा

"अहो, बेतानं. मोडून ठेवाल," बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

पाचर काही केल्या निघत नव्हती. त्यानं रंध्याच्या मागच्या टोकावर लाकडी हातोडीचे आणखी दोन ठोके मारले, तशी ती टुणकन उडून कपाटाखाली गेली आणि गंजलेलं पातं हातात आलं. चार वर्षं माळ्यावर पडून त्याचं पार वाटोळं झालं होतं.

रंधा आजोबांचा. त्यांच्यामागे तो बाबांकडे आला. बाबांनी त्यावर उभा जन्म सुतारकाम केलं आणि पोराला धंदा शिकवायला घेतला. पोराचा रंधा कधी सरळ चालला नाही. "गाढवा, लाकूड तासतोयस की खरवडतोयस?" हे ऐकून ऐकून तो शेवटी पॉलिशच्या कामाला लागला. तिथं मात्र त्याचा हात असा बसला, की गल्लीत त्याला सगळे 'आरसा' म्हणायला लागले. तडा, खड्डा, डाग, काहीही द्या. आरसा त्यात लांबीचा लगदा भरून, घासून असं चकचकीत करणार, की मालकालाही आपलं टेबल ओळखू येऊ नये. याचा त्याला कोण अभिमान!

अलीकडे बाबा माणसं विसरायला लागले होते. आधी शेजारी गेले, मग सून, आणि गेल्या महिन्यापासून तोही. सकाळी चहा घेऊन गेला, की ते सावरून बसत आणि म्हणत, "या, कोणाकडे आलात?" ज्या 'गाढवा'चा त्याला आयुष्यभर वीट आला होता, तो एकदा ऐकायला मिळावा म्हणून आता जीव तुटत होता. पण बाबांचे हात काही विसरले नव्हते. पलंगाच्या कडेवर ते दिवसभर पुढे-मागे फिरत, आणि मधूनच ते विचारत, "माझा रंधा कुठे ठेवलात?" रंधा हातात पडला, की त्यामागोमाग बाकीचंही आठवेल, अशी त्याची भाबडी आशा होती.

त्यानं पातं रॉकेलमध्ये भिजवलं, घासलं, दगडावर धार लावली. मग रंध्याच्या लाकडी खोडाकडे वळला. मळानं काळंकुट्ट झालेलं लाकूड, आणि डाव्या अंगाला एक खोलगट खड्डा. चांगल्या वस्तूवर असा खड्डा त्याच्या डोळ्यांना सहन होत नसे. त्यानं दोन्ही बाजू घासून सपाट केल्या, राहिलेल्या खळग्यात लांबी भरली, वरून पॉलिशचे हात मारले.

"नवाच आणलात की!" बायको म्हणाली. "ओळखतील ना पण?"

"न ओळखायला काय झालं?"

दुपारी त्यानं रंधा बाबांच्या पुढ्यात ठेवला. बाबांचे डोळे लकाकले. उजवा हात मुठीवर बसला. डावा खोडाच्या अंगावर गेला आणि अंगठा तिथं काहीतरी शोधायला लागला. खाली गेला, वर आला, गुळगुळीत पॉलिशवरून घसरला. पुन्हा तेच. हळूहळू त्यांचा चेहरा उतरला.

तेव्हा कुठे त्याला उमगलं. तो खड्डा नव्हताच. आजोबांचा आणि बाबांचा अंगठा जन्मभर टेकून तिथं लाकूड झिजलं होतं.

त्यानं रंधा ओढून घेतला आणि नखानं लांबी उकरायला लागला. लांबी निघाली. आत उथळशी खूण उरली होती, अंगठ्याचं टोकही मावू नये एवढी. घासून गेलेलं लाकूड परत कुठून आणणार? रडावं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी, त्याला कळेना.

"राहू द्या हो," बाबा समजुतीच्या सुरात म्हणाले. "काम झकास आहे तुमचं. पण हा माझा नव्हे. कोणाचा आहे त्याला देऊन टाका, बिचारा शोधत असेल."

"बाबा, तुमचाच आहे. मी घासला. चुकलो मी."

"तुम्ही कशाला मनाला लावून घेता?" बाबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग दाराकडे बघत, आवाज खाली आणून म्हणाले, "माझा मुलगा येईल आता. त्याच्या हाताला गुण आहे बघा, माझ्यापेक्षाही. त्याच्या तोंडावर नाही बोलत मी, शेफारेल. तो देईल शोधून माझा रंधा."

त्यानं रंधा खाली ठेवला.

"तुम्हाला घाई नाही ना? बसा मग. येईलच तो."

बाबांनी पाय आवरून पलंगावर जागा करून दिली. तो बसला. दोघंही दाराकडे बघत राहिले.