दोन पाण्यांमधली उघाडी

"पोरी, बांधाला चिंबोरीचं बीळ हाय. आजच चिखल भर," चांगदेवबाबा कल्पिताला सांगत होते. कडेवर तापलेलं बाळ घेऊन ती घाईने म्हणाली, "उद्या बघते, बाबा." मित्रांनो, खरं सांगू? मलाही वाटलं होतं, खेकड्याच्या एवढ्याशा बिळाने काय होतंय!

मी रेवदंड्याच्या खाडीकाठची जुनी उघाडी. म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधातली लाकडी झडप. भरतीचं पाणी मला ढकलून घट्ट मिटवतं. ओहोटीला मी उघडते आणि शेतातलं पावसाचं पाणी बाहेर सोडते. ऐनाच्या फळ्यांतून मला घडवलं तेव्हा गावाने हळदकुंकू वाहिलं होतं. पुढे अंगावर शेवाळ धरलं, तसं कुणी बघेनासं झालं. वाडीत एकटेच राहणारे म्हातारे चांगदेवबाबा मात्र रोज सकाळी बांधावर फेरी मारत, मला काठीने ठोकून बघत.

दुसऱ्याच दिवशी अमावस्येचं उधाण आलं. मी घट्ट मिटून राहिले, पण पाणी त्या बिळातून शिरलं. दुपारपर्यंत बांध फुटला आणि कल्पिताचं पोटरीतलं, लोंब्या फुटायच्या बेतातलं भात खाऱ्या पाण्यात उभं राहिलं.

बांध पुन्हा बांधला, पण उन्हाळ्यात शेतावर मिठाचा पांढरा थर चढला. पुढच्या पावसाळ्यात लावलेली रोपं करपली. तिचा नवरा निकेत म्हणाला, "सोडू आता शेती. मी ट्रकवर जातो."

कल्पिता बाळाला घेऊन तळा गावी शेतीच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेली. आल्यावर बांधावर उभी राहून सांगू लागली, "नांगर घालायचा नाही. उंच गादीवाफे करायचे, मधे चर ठेवायचे, वर पेंढा पसरायचा. जमीन उघडी पडली की ऊन मीठ वर ओढतं."

चांगदेवबाबा हसले. "पेंढा घालून शेताला झोपवतेस काय?"

"झोपू दे की, बाबा. दमलंय ते."

पावसाने वाफ्यांतलं मीठ धुऊन चरांतून माझ्यापर्यंत आणलं. दर ओहोटीला मी ते खाडीत सोडत राहिले. पहिल्या वर्षी भात विरळच आलं. पण आलं! यंदा तर लोंब्या वाकल्यात. निकेतने ट्रकचं नाव पुन्हा काढलेलं नाही.

परवा चांगदेवबाबा फेरीला आले नाहीत. कालही नाहीत. काल कल्पिता कापणीला आली होती. रिकाम्या बांधाकडे बघून ती थबकली. क्षणभर पिकाकडे पाहिलं, आणि विळा माझ्या चौकटीला अडकवून तशीच वाडीकडे गेली.

संध्याकाळी निकेतबरोबर विळा न्यायला आली तेव्हा सांगत होती, "बाबा अंगणात घसरलेत. पाय सुजलाय, दोन दिवस एकटेच पडून होते. आणि मला बघून पहिलं काय विचारलं, माहितीये? 'बांध बघितलास काय?'"

"मग?"

"म्हटलं, आधी तुम्हाला बघायला आले."

मग दोघांनी उजेड होता तोवर बांध तपासला. एक बीळ निघालं. लगेच बुजवलं.

मित्रांनो, मला रंग नको, तेल नको. पण तुमच्या वाटेवर रोज दिसणारं एखादं माणूस दोन दिवस दिसलं नसेल, तर त्याच्या दारापर्यंत जाऊन या. उद्या नको. आजच.